बेटावरचा ‘च’

मी आखलेली सहल फसत नाही. ही बढाई नव्हे, नोंद आहे. अठरा वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालणाऱ्या बाईला एका दिवसाच्या सहलीला क्रमांक घालणं काय अवघड? नऊची बोट. साडेनवाला बेट. दहा वाजता तिसरी कोठडी. दहा वाजून चार मिनिटांनी काम फत्ते. मग आई, आत्या आणि मी झाडाखाली बसून डबा खाणार, तोफा बघणार, दीपगृहावर चढणार (आत्या खालून बघणार) आणि दोनच्या बोटीने घरी.

त्या चार मिनिटांच्या कामाबद्दल कायदा काय म्हणतो, हे मी तेवढं बघितलं नव्हतं. कायदा पाचव्या मिनिटाला आला.

आधी काम काय ते सांगते. बाबा मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या कागदांवरच्या चुका शोधायच्या आणि लाल शाईने समासात दुरुस्ती लिहायची, हा त्यांचा अडतीस वर्षांचा धंदा आणि त्याहून जुना स्वभाव. औषधाची बाटली हातात आली की आधी लेबलावरची वेलांटी दुरुस्त करत, मग औषध घेत. तोवर ताप उतरलेला असे. त्यांचे दोन नियम होते. पहिला: चूक स्वतःच्या हाताने कधी लिहायची नाही, दाखवण्यापुरतीसुद्धा नाही. “एकदा लिहिली की हात शिकतो,” म्हणत. दुसरा नियम एका खुणेबद्दल होता. खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असेल, तर मुद्रितशोधक त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात ‘ठेवा’ असं लिहितात. बाबांनी ही खूण उभ्या जन्मात वापरली नाही. “जे खोडलं ते खोडण्यासारखंच होतं!”

चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीत तीन चुका होत्या. त्यातली एक म्हणजे ‘मुद्रितशोधक’चं ‘मुद्रितशोषक’ झालं होतं. आईने ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाली, “बरं झालं आधीच गेले. हे वाचून गेले असते, तर त्या वर्तमानपत्रावर उगाच आळ आला असता!”

त्यानंतर आई फारसं काही बोलली नाही. “हो”, “नाही”, “मीठ बरोबर आहे”, एवढंच. चार महिने.

तर बेट. बेटावर पूर्वी तुरुंग होता, आता उद्यान आहे. कैदी गेले, बाकं आली, भिंती त्याच. सात वर्षांपूर्वी बाबा तिथे गेले आणि तिसऱ्या कोठडीजवळच्या निळ्या फलकावर त्यांनी पांढऱ्या अक्षरांत वाचलं: ‘या कोठडीत बंडखोर कैद्यांना ठेचत असत.’

ठेवत असत! रंगाऱ्याचा ब्रश घसरला आणि ‘व’चा ‘च’ झाला. एका अक्षराने एका साध्यासुध्या तुरुंगाचा खलबत्ता केला! बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. उद्यानाच्या कार्यालयाला त्यांनी सात वर्षांत अकरा पत्रं लिहिली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकली. फलक तसाच राहिला.

मागच्या वर्षी ते मला म्हणाले होते, “पत्रांनी होत नाही. आपण रंग घेऊन जाऊ. तू मला धर, मी ‘व’ काढतो. ‘च’ म्हणजे काय, तोंड उघडं टाकून बसलेला ‘व’. डावीकडची काडी पुसायची, पोट मिटायचं. चार मिनिटं.”

मी म्हणाले, “पुढच्या महिन्यात जाऊ.”

पुढचे महिने बरेच आले. असो.

रंगाच्या दुकानात मी म्हणाले, “एकच अक्षर रंगवायचंय.” दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 

“घरातलं का बाहेरचं?”

“बाहेरचं. समुद्राजवळचं.”

“मग हा घ्या! वास नाही, दहा मिनिटांत वाळतो आणि दहा वर्षं हलत नाही. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, खारं वारं म्हणू नका. हमी आहे!”

पांढरा घेतला, काडी पुसायला निळा घेतला. बोटीवर रंग न्यायला बंदी आहे, हे मला आधीच माहीत होतं (सहल मी आखली होती!). म्हणून पांढरा रंग कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीत भरला आणि निळा ओठांच्या मलमाच्या चपट्या डबीत. दोन्ही डब्या पर्समध्ये. धक्क्यावरच्या तपासनिसाने पर्स उघडली, डब्या बघितल्या आणि “ऊन फार आहे, लावा लावा,” असा सल्लाही दिला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

तो सल्ला माझ्यामागे उभ्या असलेल्या आत्याने ऐकला, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाबा जन्मभर चुका शोधत राहिले आणि आत्या करत राहिली. भावंडांत कामाची वाटणी झाली होती. त्या दिवशी तिला सर्दी होती, नाक चोंदलेलं होतं आणि तुषार उडतात म्हणून चष्मा काढून ठेवलेला होता. बोट सुटल्यावर आईला गरगरायला लागलं. मी पर्स आत्याकडे दिली आणि आईला घेऊन वाऱ्याच्या बाजूला गेले. दहा मिनिटांनी परत आले.

“काय सुरेख आहे गं तुझं क्रीम!” आत्या म्हणाली. “चेहरा कसा आवळून आल्यासारखा वाटतोय! महागातलं दिसतंय.”

मी बघितलं. आत्याचा चेहरा नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखा दिसत होता. पण उपमा कशाला? तो नुकताच रंगवलेलाच होता! कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानाच्या पाळ्यांसकट, दोन हात. आणि ओठ निळे.

“आत्या, संपवलंस?”

“नाही गं, तळाला आहे थोडं. मानेला लावू?”

“नको!”

आई तिच्याकडे एकटक बघत राहिली. मग तिने चार महिन्यांतलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. “वन्सं, तुमची तब्येत बरी आहे ना?”

रुमाल भिजवून पुसलं. निघालं नाही. खाऱ्या पाण्याने पुसलं. खाऱ्या वाऱ्याची हमी होती, खाऱ्या पाण्याचीही निघाली. मी आत्याला खरं काय ते सांगितलं. ती रागावली असावी, पण ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. बोट धक्क्याला लागेपर्यंत ओठ पुरते वाळले आणि ओठ मिटून म्हणायची सगळी अक्षरं आत्याच्या तोंडातून हद्दपार झाली.

“आणी!” आत्या म्हणाली.

“काय आणू?”

“आणी गं, आणी!”

“अगं, पण काय आणू ते तरी सांग!”

“पाणी मागतायत त्या,” आई म्हणाली.

बोटीवरचा खलाशी आत्याला हात द्यायला पुढे आला, तिचं तोंड बघून थबकला आणि मला हळूच म्हणाला, “ताई, बाईंना बोट लागली का? इतकी लागलेली मी कधी बघितली नाही हो!”

धक्क्यावर मोठी पाटी होती: ‘हा आपला ऐतिहासिक ठेवा आहे.’ तिच्या शेजारी, बाण काढून: ‘शौवालय’. 

शौवालय! आई त्या पाटीसमोर उभी राहिली. “हे बघायला ते हवे होते,” म्हणाली. मग विचार करून, “नको, नकोच.”

दहा वाजता, ठरल्याप्रमाणे, आम्ही तिसऱ्या कोठडीपाशी होतो. सहल अजून हातातून गेलेली नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. तळाला उरलेला रंग एका अक्षराला पुरणार होता. आत्याला मी कोठडीत नेऊन बसवलं. आत अंधार होता, गारवा होता आणि मुख्य म्हणजे ती कोणाला दिसणार नव्हती. आईला वळणावर उभं केलं.

“कोणी आलं की खोक.”

“मला खोकला नाहीये.”

“खोटा खोक, आई.”

“बरं.”

फलक जरा उंच होता, पण खालीच दगडाचं एक जाडजूड चाक आडवं पडलेलं होतं. पूर्वी बांधकामाचा चुना मळायला असायचं, तसलं. मी त्यावर चढले. निळ्या रंगाने काडी पुसली. डबी खरवडून ब्रशाच्या टोकावर पांढरा थेंब घेतला आणि पोट मिटलं.

‘व’ झाला. ठेवत. या कोठडीत बंडखोर कैद्यांना ठेवत असत. सात वर्षांनी ते वाक्य शुद्ध झालं. मी त्याच्याकडे किती वेळ बघितलं? दोन सेकंद असतील.

खोकला ऐकू आला नाही. पावलं ऐकू आली, चाळीस माणसांची! वळणावरून पर्यटकांचा मोठा घोळका आला. पुढे छत्री उंच धरलेला मिशाळ गाइड आणि त्याच्या शेजारी, आग्रहाचं आमंत्रण असल्यासारखी, माझी आई!

“काकू एकट्याच उभ्या होत्या,” गाइड मागच्यांना सांगत होता. “म्हटलं, या ना आमच्यात!”

आईने माझ्याकडे बघून खांदे उडवले. इतकं प्रेमाने बोलावल्यावर खोकायचं कसं, असा तिचा भाव होता.

मी झटकन फलकाकडे पाठ केली आणि ब्रश पाठीमागे लपवला.

“ताई, त्या दगडावर उभ्या राहू नका,” गाइड म्हणाला. “ज्यांना ठेचलं त्यांचा तरी मान राखा!” मग त्याने आवाज खाली आणला. “मंडळी! याच दगडाखाली, याच जागी, कैद्यांना ठेचत असत! रोज सकाळी दहा, दुपारी दहा. रविवारी सुट्टी. आणि असं म्हणतात की आजही, शांतता असली की, आतून कोणीतरी...”

आता आत्याचं सांगायचं तर, गेली सात वर्षं तिने दर भेटीत भावाच्या तोंडून या एका अक्षराची कहाणी ऐकली होती. “पुरे रे तुझा तो ‘व’!” असं ती त्याला शंभरदा म्हणाली होती. पण तो नसताना, त्याच्याच फलकाखाली उभं राहून, परका माणूस ‘ठेचत’ म्हणतो? ती अंधारातून बाहेर आली. पांढरं तोंड, निळे ओठ, उजवा हात वर.

“खोटं!” ती गरजली. “ठे...अत! ठे...अत होते!”

जन्मात एकदा तिला भावाची चूक नाही, तर त्याची दुरुस्ती सांगायची होती, आणि नेमकं तेच एक अक्षर ओठांतून निघेना!

“ऐकलंत?” गाइड थरथर कापत ओरडला. “अजून तेच म्हणतोय! ठेचत, ठेचत म्हणतोय!”

“नाही! ठे...अत!”

पुढे जे झालं त्याला पळापळ म्हणणं म्हणजे समुद्राला डबकं म्हणणं आहे. दोन काकांनी एकमेकांना मिठी मारली. त्यांची ओळख नव्हती, हे नंतर कळलं. एक बाई तोफेत शिरायला बघत होती. चाळीस जणांच्या त्या किंकाळीने मीही दचकले. पाठीमागचा हात उडाला आणि ब्रश फलकावरून तिरका, खाली, सर्रकन गेला.

मी वळून बघितलं. ‘व’च्या पोटातून एक सुबक तिरकी रेघ गेली होती. वाचकहो, ‘व’च्या पोटातून तिरकी रेघ गेली की काय होतं, ते तुम्हाला बालवाडीतच शिकवलेलं आहे.

‘या कोठडीत बंडखोर कैद्यांना ठेबत असत.’

“खाली उतरा!” पहारेकरी धावत आला होता. हाच तो कायदा. “हातात काय आहे?”

“ब्रश.”

“कशाला?”

“‘व’साठी.”

“ऐतिहासिक ठेव्याचं विद्रूपीकरण!” पहारेकरी म्हणाला. 

“ठे...आ! ठे...आच सांगतेय ना!” आत्या त्याच्या अंगावर गेली. पहारेकरी चार पावलं मागे सरकला आणि त्याने तिला अटक केली नाही. तिला हात लावायला कोणीच तयार नव्हतं. फक्त एका धीट आजोबांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला.

गाइड तोवर सावरला होता. त्याने फलक वाचला, पुन्हा वाचला, मिशीवरून हात फिरवला आणि परतू लागलेल्या चार-पाच जणांकडे वळला. “ठेबत! मंडळी, जुना शब्द आहे. आता कोणी वापरत नाही. ठेबणं म्हणजे... ठेचण्याच्या पुढची पायरी!”

आम्हाला उद्यानाच्या अधीक्षकांपुढे उभं केलं. अधीक्षक एक साठीच्या आसपासच्या, ताठ पाठीच्या बाई होत्या. टेबलावर कागद, कागदांवर वजनाला तोफेचा छोटा गोळा. पहारेकऱ्याने गुन्हा सांगितला. बाईंनी आत्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघायचं टाळलं.

“का केलंत?” त्यांनी मला विचारलं. “शिकल्यासवरलेल्या दिसता.”

“‘व’च्या जागी दुसरं अक्षर होतं,” मी म्हणाले. “वडिलांनी तुम्हाला अकरा पत्रं लिहिली होती.”

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. 

“लाल शाईवाले?”

त्या उठल्या आणि कपाटातून चांगली उशीएवढी फाइल काढून आमच्यापुढे ठेवली. वर नाव बाबांचं. आत बाबांचं अक्षर, सरळ, टोकदार, समास सोडून. मी ती पत्रं कधी वाचली नव्हती. पहिलंच उघडलं.

‘आपल्या एका फलकावर एका शब्दात ‘व’ऐवजी भलतेच अक्षर पडले आहे. ते कोणते, हे सुज्ञास सांगणे न लगे.’

दुसरं उघडलं. तेच. तिसरं, चौथं, तेच! कोणता फलक ते नाही, कोणता शब्द ते नाही. सात वर्षं, अकरा पत्रं, आणि चूक एकदाही लिहिलेली नाही! लिहिली की हात शिकतो ना!

“आमच्या कार्यालयात सुज्ञ कोणी निघालं नाही,” अधीक्षकबाई म्हणाल्या. “बेटावर एकशे तेवीस फलक आहेत. मी दर रविवारी फिरून फिरून वाचायचे. प्रत्येक पत्राला उत्तर पाठवलं, की कृपया शब्द कळवावा. त्यांनी ती उत्तरं शुद्ध करून परत पाठवली!”

खरंच. फाइलचा अर्धा भाग बाईंच्याच पत्रांचा होता आणि त्या पत्रांना गोवर आल्यासारखी लाल शाई उठलेली होती.

“पण बाई, ‘ठेचत’ तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं की! रोज दिसतं! पण गाइड इतकी वर्षं छातीठोक सांगतोय. मला वाटलं, ठेचत असतील!” त्या जरा ओशाळल्या. “अकराव्या पत्राच्या तळाशी त्यांनी एकदाचं लिहिलं, ‘च’चा ‘व’ करावा. मी त्याच दिवशी रंगाऱ्याला आदेश दिला. तो बोटीतून उतरला आणि त्याला दिसलेल्या पहिल्या ‘च’चा त्याने ‘व’ केला.”

“शौवालय,” आई म्हणाली.

“शौवालय,” बाई म्हणाल्या. “त्यानंतर त्यांचं पत्रच नाही. मला वाटलं, रागावले.”

“ते गेले,” आई म्हणाली. “चार महिने झाले.”

बाहेर गाइड कोणाला तरी ठेबणं समजावून सांगत होता. अधीक्षकबाईंनी फाइल आपल्याकडे ओढली आणि सगळ्यांत खालचा कागद काढला. “हे माझं शेवटचं उत्तर. अकराव्या पत्रासोबत शुद्ध होऊन आलं ते असं. यातली एक खूण मला कळली नव्हती. तुम्हाला कळेल.”

त्यांनी लिहिलं होतं: ‘फलक सापडला नाही, क्षमस्व. पण आपल्या पत्रांची सवय झाली आहे. पत्र आले नाही की चूकल्यासारखे वाटते.’ ‘चूकल्यासारखे’तला ‘चू’ दीर्घ. तो ऱ्हस्व हवा. बाबांनी त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. मग गोलावर काट मारली होती. मग शब्दाखाली पाच टिंबं दिली होती, आणि समासात लिहिलं होतं:

‘ठेवा.’

मी खिडकीबाहेर बघितलं. तोफा होत्या तिथेच होत्या.

आईने तो कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

“ठेवा?” ती म्हणाली. “ठेवा? लग्नाआधी मी या माणसाला सहा पत्रं लिहिली! सहाच्या सहा दुरुस्त करून परत पाठवली यांनी! ‘तुमची आठवण येते’ असं लिहिलं, तर ‘आठवण’मध्ये ‘न’ पडला म्हणून त्यावर गोल! आणि या बाईंची चूक ठेवली?”

“अहो, पण मला त्याचा अर्थसुद्धा...” अधीक्षकबाई लाल झाल्या.

“कितीदा आले होते ते इथे?”

“एकदाच! सात वर्षांपूर्वी! मी तर त्यांना बघितलंही नाही हो!”

“वहिनी, दादा तसला नव्हता!” असं काहीसं आत्या म्हणाली. ऐकू आलं ते “अहिनी, दादा तसला नअता!”

आणि आई हसायला लागली. आधी आवाज न करता, मग आवाजाने, मग टेबलाला धरून. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. “घरात एकही चूक ठेवली नाही मेल्याने! ठेवायची तर बेटावर ठेवली!” चार महिन्यांचं साठलेलं सगळं ती त्या खोलीत बोलली, आणि त्यातलं निम्मं बाबांना शिव्या होत्या. मी तिला थांबवलं नाही.

शेवटी अधीक्षकबाईंनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “गुन्हा नोंदवत नाही. पण अर्ज द्या. कोणता फलक, कोणता शब्द, काय आहे, काय हवं. स्पष्ट लिहा. सुज्ञ वगैरे नको.”

मी पेन उचललं. ‘तिसऱ्या कोठडीजवळील फलक’ लिहिलं. ‘मूळ शब्द’ लिहिलं. आणि हात थांबला. 

“लिही,” आई म्हणाली. “ते नाहीत वाचायला.”

लिहिलं. ठे, च, त. मुद्रितशोधकाच्या घरात सात वर्षांत कोणाला न जमलेलं काम मी तीन अक्षरांत केलं. चार सेकंदही लागले नाहीत.

तेवढ्यात गाइड आत घुसला. “बाई, ‘ठेवत’ करू नका! पाया पडतो! ठेवलेलं बघायला कोण येतं? ठेवलेलं तर माणसाच्या घरीही असतं!” पण बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि आम्ही, डबा न खाता, तोफा न बघता, दोनऐवजी पाचच्या बोटीने घरी आलो. आत्याचा चेहरा पाचव्या दिवशी मुखवट्यासारखा अख्खा सुटून आला. खालची त्वचा इतकी नितळ निघाली, की ती अजून माझ्याकडे त्या डबीची चौकशी करते.

परवा उद्यानाकडून पाकीट आलं. बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आपल्या अर्जानुसार काम पूर्ण केले. रंगाऱ्याने उत्साहाने संपूर्ण फलकच नव्याने रंगवला आहे. दहा वर्षांची हमी आहे.’ सोबत फोटो. आई आणि मी दिव्याखाली धरून वाचला.

‘या कोंबडीत बंडखोर कैद्यांना ठेवत असत.’

‘ठेवत’ अगदी ठसठशीत होतं. ‘व’चं पोट गोल, गच्च मिटलेलं.

“लिही पत्र,” आई म्हणाली. “सरळ लिही, कोंबडी!”

मी कागद घेतला, समास सोडला, आणि लिहिलं: ‘आपल्या एका फलकावर एका शब्दात भलतीच अक्षरे पडली आहेत. ती कोणती, हे सुज्ञास...’ आई वाकून वाचत होती. तिने कपाळावर हात मारला. ते पत्र अजून टेबलावर तसंच पडलं आहे. गाइडने मात्र एव्हाना केवढी मोठी कोंबडी उभी केली असेल, या विचाराने झोप लागत नाही.

ता. क. हा मजकूर छापण्याआधी जे वाचतील त्या मुद्रितशोधकांस: वर एके ठिकाणी ‘कोंबडीत’ आले आहे. आपण सवयीने ते दुरुस्त कराल आणि माझ्या गोष्टीचा शेवटच जाईल. म्हणून शब्दाखाली पाच टिंबं दिली आहेत. कृपया ठेवा.

‘ठेवा’ लिहिलंय. नीट बघा. ‘व’ आहे तो.